घनदाट श्रेणीचे सभासद

सलूनवाल्याच्या उत्पन्नात एक मूलभूत दोष होता. ते लोकांच्या केसांवर अवलंबून होते, आणि केस कोणाला विचारून वाढत नाहीत. रविवारी बाकावर बसायला जागा नसे, लोक उभ्याने जुनी मासिके वाचत. बुधवारी मात्र तो स्वतःच खुर्चीत बसून आरशाशी गप्पा मारी. बावीस वर्षे असेच चालले होते आणि त्यात त्याला काही वावगे वाटले नव्हते. त्याच्या हाताला गुण होता. कात्री सुरू झाली की त्याला तहानभूक आठवत नसे. पण गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला, पहिला हक्क तुझाच म्हणून वर्षाची मुदत दिली, आणि सलूनवाल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच बँकेची पायरी चढायची वेळ आली. गाळा गेला तर सलून गेले, आणि सलून गेले तर या वयात कात्री घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

बँकेतला कर्ज अधिकारी सभ्य गृहस्थ होता. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण शर्टाच्या खिशात कंगवा होता. सलूनवाल्याची नजर सवयीने त्याच्या डोक्याकडे गेली, आणि तिथे काही काम नाही असे पाहून सभ्यपणे खाली वळली.

"उत्पन्न वाईट नाही तुमचं," अधिकारी म्हणाला, "पण त्याचा अंदाज बांधता येत नाही. गिऱ्हाईक कधी येतं?"

"केस वाढले की येतं, साहेब."

"आणि ते कधी वाढतात?"

"ते ज्याच्या त्याच्या डोक्यावर आहे."

हे उत्तर अधिकाऱ्याने जरा मनाला लावून घेतले. दुसऱ्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या व्यवसायाला बँक कर्ज देऊ शकत नाही, असे त्याने गंभीरपणे सांगितले. दर महिन्याच्या एक तारखेला, काहीही होवो, ठरलेली रक्कम आली पाहिजे. तशी येऊ लागली की या.

घरी मेहुणा आलेला होता. तो नेहमीच आलेला असे. बायकोच्या या धाकट्या भावाने उद्योगवृद्धीचा तीन दिवसांचा वर्ग केला होता आणि तेव्हापासून तो लोकांचे धंदे सुधारून देई. स्वतःचा धंदा नसल्यामुळे त्याला वेळही भरपूर होता. सगळी हकिकत ऐकून तो डोळे मिटून बसला आणि मग म्हणाला, की एकेका कटिंगचे पैसे घेणे ही मागासलेली पद्धत झाली. माणसाला सभासद करायचे. महिन्याला ठरावीक वर्गणी, आणि वाटेल तितक्या वेळा केस कापून घ्या. बायकोलाही हे पटले. भाऊ बोलला की तिला बहुतेक पटत असे.

वर्गणी भरलेला माणूस हा वेगळाच प्राणी असतो, हे सलूनवाल्याला आठवड्यात कळले. पूर्वी जे लोक दीड-दोन महिन्यांनी, तेही बायकोने टोकल्यावर येत, ते आता दिवसाआड येऊ लागले. शेजारचा चावीवाला, जो एरवी केसांच्या बाबतीत वैरागी होता, तो दुपारी दुकान टाकून यायचा आणि कानामागचा एक केस दाखवून हा राहिलाय म्हणायचा. भरलेले पैसे वसूल झाले पाहिजेत, या एका ध्येयाने सगळी वस्ती पेटून उठली. लोकांची डोकी इतकी बारीक झाली, की बाहेरून आलेल्याला इथे सैन्यभरती चालू आहे असे वाटावे. सलूनवाल्याचे मनगट सुजले. बायको रात्री त्याचा हात कोमट पाण्यात धरून बसे, आणि तो म्हणे, "अगं, भीक नको पण कुत्रा आवर."

मेहुण्याने परिस्थितीचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा होता, की तोटा केसवाल्यांमुळे होतो आहे.

"भाऊजी, आदर्श सभासद कोण? जो वर्गणी भरतो आणि येत नाही."

"असा कोण येडा भरेल?"

"ज्याला यायची गरजच नाही तो. टकला."

सलूनवाल्याने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मेहुण्याला ताप नव्हता. टकल्याला केस कापून नकोच असतात, मेहुण्याने समजावून सांगितले. त्याला हवी असते ती, आपण केस कापून घेतो अशी लोकांची समजूत. ती आपण विकायची.

पहिला टकला सभासद औषधवाला झाला. त्याला एक देखणे कार्ड मिळाले, त्यावर 'नियमित केशकर्तन सभासद' असे सोनेरी अक्षरांत छापले होते. ते त्याने पाकिटात अशा बेताने ठेवले, की सुट्टे पैसे देताना समोरच्याला दिसलेच पाहिजे. रविवारी सकाळी तो घरी सांगून निघे, की केस फार वाढलेत, जाऊन येतो. आणि बागेत तासभर बसून मान झटकत परत येई. घरच्यांनी कधी काही विचारले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात काय विचारायचे नसते, हे त्यांना कळलेले होते. महिनाभरात गावभरच्या टकल्यांनी सलूनचे दार ठोठावले, बहुतेकांनी मागचे. मग मेहुण्याने श्रेण्या पाडल्या. साधी, दाट आणि घनदाट. ज्याचे डोके जितके स्वच्छ, तो तितकी वरची श्रेणी मागे आणि तितकी जास्त वर्गणी भरे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला मोबाइलवर संदेश जाई: 'आपले केस वाढले असल्याची आमची नोंद आहे. कृपया भेट द्यावी.' सभासद तो संदेश मुद्दाम चष्मा विसरल्याचे सांगून शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेत.

केसवाल्यांचे सभासदत्व मग एका नम्र सूचनेने बंद करण्यात आले. चावीवाल्याने फार वाईट वाटून घेतले. दुसऱ्या कोणाच्या कात्रीखाली मान देणार नाही, असे त्याने जाहीर केले आणि केस वाढवायला घेतले.

उत्पन्न आता एक तारखेला, गजर लावल्यासारखे येऊ लागले. सुटी कटिंग मेहुण्याने आधीच मागासलेली ठरवून बंद केली होती, त्यामुळे सलूनमध्ये मात्र कोणी येईना. सलूनवाल्याची बोटे शिवशिवत. आधी त्याने दुकानातल्या झाडूचे केस सारखे केले. मग ब्रश. मग घरच्या पडद्यांकडे वळला, तेव्हा बायको एवढेच म्हणाली, "अहो, ती झालर होती." त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण मुदत संपत आली होती, आणि गाळा वाचवायचा तर असेच रिकामे बसून राहणे भाग होते.

कर्ज अधिकाऱ्याने खात्याचा उतारा पाहिला आणि तो प्रसन्न झाला. एवढी सपाट प्रगती त्याने कुठल्याच धंद्यात पाहिली नव्हती. कर्ज देण्यास बँकेची हरकत नव्हती, फक्त एक अट होती: कर्जफेड होईपर्यंत सदर जागेत कोणाचेही केस कापण्यात येऊ नयेत, कारण कापल्यास उत्पन्नाच्या नियमिततेस बाधा येण्याचा संभव आहे. सलूनवाल्याने तसे लिहून दिले. जागेची तपासणी तेवढी बाकी होती. बँकेतून निघताना बरोबर आलेल्या मेहुण्याने सलूनवाल्याच्या कानात सांगितले, की काळजी नको, साहेब गेल्या तीन महिन्यांपासून आपले सभासद आहेत. घनदाट.

तपासणीच्या दिवशी दुपारी चावीवाला आला. त्याचे केस डोळ्यांवर आले होते. कुलपाचे भोकच दिसत नाही म्हणाला; परवा एकाची कुलूपबंद तिजोरी उघडायला गेलो आणि तासभर त्याच्या फ्रिजशी झटापट केली. सलूनवाल्याने नाही म्हणून पाहिले. पण ते काळेभोर, कुरळे, दाट केस पाहून त्याचे मन वितळले. त्याने शटर अर्धे ओढले आणि कात्री उचलली. कितीतरी महिन्यांनी तो गुणगुणला.

अर्धे डोके झाले असेल-नसेल, तोच बाहेरून मेहुण्याचा आवाज आला, मुद्दाम मोठा केलेला. चावीवाल्याला अंगावरच्या कापडासकट पडद्यामागे ढकलेपर्यंत अधिकारी वाकून आत आला होता. फरशीवर काळ्या कुरळ्या केसांचा ढीग पडला होता.

"हे काय आहे?"

"केस, साहेब," सलूनवाला म्हणाला. दुसरे काही सुचेना.

"कोणाचे? इथे केस कापले जात नाहीत, असं तुमच्या सहीचं पत्र आहे माझ्याकडे."

सलूनवाल्याच्या डोळ्यांसमोरून गाळा गेला, खुर्ची गेली, आरसा गेला. तेवढ्यात मेहुणा अत्यंत आदराने म्हणाला, "साहेब, तुमचेच की. काल येऊन गेलात ना. तपासणीचाच भाग होता तो."

 अधिकाऱ्याचा हात पाकिटाकडे गेला, जिथे कार्ड होते. कचेरीत मोठ्याने वाचून घेतलेले संदेश त्याला आठवले असावेत. हे केस माझे नाहीत, असे म्हणणे नियमाला धरून होते. पण मग माझे कुठे आहेत, हा प्रश्न उरत होता. तो बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"बरेच वाढले होते," तो म्हणाला.

"घनदाट श्रेणी, साहेब."

"मागून मात्र जरा जास्तच घेतलेत."

"वाढतील, साहेब," सलूनवाला म्हणाला.

अधिकाऱ्याने सही केली. मग एक बट कागदात बांधून मागितली, घरी दाखवायला. निघताना आरशासमोर उभे राहून त्याने कंगवा काढला आणि डोक्यावरून सावकाश फिरवला.

गाळा सलूनवाल्याचा झाला. चावीवाला पडद्यामागून बाहेर आला तेव्हा सलूनवाल्याने उरलेल्या अर्ध्यासाठी कात्री उचलली, पण मेहुण्याने हात धरला. सही झाली होती, अटी लागू झाल्या होत्या. चावीवाला तसाच अर्धवट डोक्याने दुकानात जाऊन बसला. स्वतःच्या मालकीच्या सलूनमध्ये, स्वतःच्या खुर्चीत बसून सलूनवाल्याला त्या दिवशी रडू आले. ते रडू आनंदाचे आहे, असे बायकोने सगळ्यांना सांगितले.

ज्यांच्या डोक्यावर केस शाबूत आहेत, त्यांनी मात्र फार हसू नये. तुमच्या घराजवळ एक व्यायामशाळा आहे. तिचे वर्षाचे पैसे तुम्ही भरलेत, चार लोकांना तसे सांगितलेत, बूटही आणलेत. तिचा मालक अतिशय निवांत माणूस आहे. तो दाराकडे बघतसुद्धा नाही. तुम्ही येणार नाही, याची त्याला पक्की खात्री आहे, आणि त्याच खात्रीवर बँकेने त्याला कर्ज दिलेले आहे.