छाटलेली ओळ

बाइंडरला वाकडी कड सहन होत नसे. शाळेतून आलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्याची खालची बाजू तिरकी दिसताच त्याने तो वाचायच्या आधीच कागद छाटायच्या मशीनखाली सारला. पुस्तकं बांधणारा वाचत बसला तर बांधणार कधी, असं तो नेहमी म्हणायचा.

सरकारने शाळेत लैंगिक शिक्षण आणलं होतं. शेवटच्या धड्यात गर्भपाताचा कायदासुद्धा होता. धर्मसभेला हे मुळीच मान्य नव्हतं, आणि बाइंडर सभेचा सचिव, म्हणून वर्गातून सूट मागायचे फॉर्म शाळेने त्याच्याकडेच पाठवले होते. त्यातून बायको जाऊन तीन वर्षं झालेली, पोरगी बारा वर्षांची. असलं काही परक्याने तिच्या कानावर घालावं, हे त्याला नको होतं. स्वतः सांगायचं तर त्याहून नको होतं. फॉर्मवर एकच वाक्य उरलं होतं, 'हा विषय मी माझ्या पाल्याला घरीच शिकवीन.' सभेतल्या एकशे दहा पालकांनी त्याखाली धडाधड सह्या ठोकल्या. उपदेशकांनी सचिवाची पाठ थोपटली.

आठवड्याने शाळेची नर्स दुकानात आली. तिच्या हातातला फॉर्म बोटभर जास्त लांब होता.

"ही शेवटची ओळ तुमच्या फॉर्मवर दिसत नाही."

बाइंडरने चष्मा लावून वाचलं, 'त्यासाठी पालकाला तोंडी परीक्षा द्यावी लागेल. पालक नापास झाल्यास मूल वर्गात बसेल.' मग त्याने मशीनखालच्या कातरणांच्या पोत्याकडे पाहिलं.

"त्यात असेल, सिस्टर. पण कड सरळ आलीय ना?"

सभेत उरलेले एकशे नऊ जण त्याच्यावर तुटून पडले. उपदेशक मात्र शांतपणे म्हणाले, "मशीन तुझं, हात तुझा. परीक्षेला पहिला तूच बस."

शाळेच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन तो बसला. नर्सने विचारलं, "मुलीला पहिली पाळी आली तर काय कराल?"

"आत्याला बोलावीन तिच्या."

"आत्या कुठे असते?"

"सहा तासांवर."

"आणि तोवर?"

बाइंडर समोरच्या कागदांच्या कडा सरळ करू लागला.

"पुढच्या सोमवारी या," नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो त्या विषयाचं शाळेचं पुस्तक घेऊन मशीनकडे तोंड करून पाठांतराला लागला. तिसऱ्याच शब्दाला अडखळला, तेव्हा मागून पोरीने तो सांगितला. मग तीच पुस्तक घेऊन बसली. ती विचारायची, तो मशीनला उत्तर द्यायचा. शेवटच्या धड्याशी मात्र तो थांबला.

"हे मला पटत नाही."

"पटलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय, बाबा? कायदा काय आहे तेवढं सांग."

"सांगीन. पण पटत नाही, हेही सांगीन."

"बरं, दोन्ही सांग. पण जरा इकडे बघून सांग ना. मी काय मशीनमध्ये बसलेय?"

तो वळला. पोरीचे कान लालबुंद झाले होते. म्हणजे इतके दिवस लाजणारा आपण एकटाच नव्हतो, हे त्याला आत्ता कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

सोमवारी नर्सने तोच प्रश्न विचारला.

"आधी दुकान बंद करीन," तो म्हणाला. "मग तिच्याकडे तोंड करून बसेन. पुढचं सगळं पाठ आहे, म्हणून दाखवू?"

"नको," म्हणत नर्सने प्रमाणपत्रावर सही केली.

दुकानात परतल्यावर त्याने ते टेबलावर ठेवलं. खालची कड चांगलीच तिरकी होती. पोरीने मशीनच्या दांड्याला हात घातला.

"छाटू, बाबा?"

"थांब!" त्याने चष्मा लावला. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तीर्ण पालकाने आपल्या सभेतील उर्वरित पालकांना शिकवावे.'

एकशे नऊ जण. तेही प्रार्थनेच्या सभागृहात, कारण तेवढी जागा दुसरीकडे नव्हतीच.

तो स्टुलावर बसला. पोरीने दांडा तसाच धरून ठेवला होता.

"अजून वेळ गेलेली नाही, बाबा. बोटभरच तर आहे."

बाइंडरने कातरणांच्या पोत्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. प्रमाणपत्र उचलून त्याने वाकड्या कडेसकट भिंतीवर चिकटवलं.

"पुस्तक आण," तो म्हणाला. "आणि तिसरा शब्द परत एकदा सांग."