बारा टाकले, साडेबारा निघाले

नानाजी पुराणिक कोणाला पाणी दिलं की पेल्यात किती आहे ते सांगून देत. "घ्या. दोनशे दहा." पाहुणा पिऊन पेला खाली ठेवी. नानाजी वाकून आत बघत आणि म्हणत, "तीस उरलं." मग ते तीस तुळशीला जात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा तहान नसताना सगळा पेला पिऊन टाकला. उरवायची भीतीच वाटली.

वणीत त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून. कापसात काही राहिलं नाही तेव्हा आम्ही मारेगावकडच्या तांड्यावरचं शेत दिराच्या हवाली केलं, आणि आमचे हे राजूरच्या कोळशाच्या ट्रकवर लागले. शेजारी नानाजी आणि मालतीकाकू, दोघंच. नानाजी मोजणी खात्यातून रिटायर झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली. नोकरी संपली, पण हात थांबेना. आमच्या मधली भिंत त्यांनी तीनदा मोजली आणि मला सांगितलं, "शेवंताबाई, भिंत एक बोट तुमच्याकडे झुकली आहे. पण तुम्ही चांगल्या आहात, म्हणून मी तक्रार करत नाही."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "लिहिलेलं सांगू नका. मोजलेलं सांगा." बिस्किटाच्या पुड्यावर वजन लिहिलेलं असो, डॉक्टरांनी कागदावर ताप लिहिलेला असो, नानाजी हेच म्हणत. काकूंच्या बहिणीच्या मुलीची लग्नपत्रिका रत्नागिरीहून आली, तेव्हा मुहूर्ताची वेळ वाचूनही ते तेच म्हणाले. काकू म्हणाल्या, "आता मुहूर्त कशानं मोजता?"

या लग्नाला जायचं म्हणूनच गाडी आली. काकूंनी चार वर्षांत घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कोणी बोलावलं की म्हणत, घर सोडून जमत नाही. पण ही बहीण एकच, आणि तिची मुलगीही एकच. नानाजींनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. आतली बाकं काढली, दोन पलंग बसवले, शेगडी ठेवली, मागच्या कोपऱ्यात दार लावून मोरी केली. गाडीच्या पोटाखाली पत्र्याची पाण्याची टाकी लावून घेतली. गाडी चालवायला आमच्या ह्यांनी शिकवलं. नानाजी चालवत चांगली, पण बैलगाडीला पुढे जाऊ देत.

सगळं तयार झालं आणि टाकीपाशी अडलं.

ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या मिस्त्रीनं टाकी केली होती. तो म्हणाला दोनशे लिटर. त्यानं तसं रंगानं टाकीवर लिहूनही दिलं. लिहिलं म्हणजे संपलंच. नानाजी फीत घेऊन गाडीखाली शिरले. बाहेरून लांबी, रुंदी, उंची घेतली. हिशेब दोनशे अकराचा आला. मग त्यांना आठवलं की पत्र्याला जाडी असते. मग आठवलं की चाकासाठी टाकीचा एक कोपरा कापलेला आहे. मग मिस्त्री म्हणाला की आतून लोखंडी पट्ट्या मारल्या आहेत, पण किती ते आठवत नाही. नानाजी गाडीखालूनच म्हणाले, "म्हणजे तुम्ही टाकी बांधली, पण तुमची तिच्याशी ओळख नाही झाली."

शेवटी ठरलं की पाणी भरून मोजायचं. त्यासाठी माप पाहिजे. बादलीवर पंधरा लिटर लिहिलेलं होतं, म्हणून ती बाद. नानाजींनी दूधवाल्याला त्याचं लिटरचं माप तासभर मागितलं. दूधवाल्याचा चेहरा पडला. त्यानं मापही दिलं नाही आणि चार दिवस गल्लीत दूधही आणलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका नानाजींवर चिडल्या. पाचव्या दिवशी दूधवाला आला तो नवीन माप घेऊन, आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या घरी दूध थोडं जास्त येऊ लागलं. तेव्हा बायका गप्प झाल्या.

मग नानाजींनी दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणली. अर्ध्या लिटरची. तिच्यावर ते खूश होते, कारण तिच्यावर रेघा होत्या आणि ती माणसाच्या अंगात जाणारी वस्तू होती. त्या बाटलीनं त्यांनी माझा पाण्याचा पितळी गुंड भरून पाहिला. अठ्ठावीस बाटल्या. म्हणजे गुंड चौदा लिटरचा. माझ्या सासूचा गुंड, मी त्यात बारा वर्षं पाणी भरते, पण चौदाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता गुंड माझा, म्हणून पाणी मीच आणायचं ठरलं. शिवाय नानाजी हातपंपावरून आणत तेव्हा अर्धं धोतरावर सांडत. माझ्या डोक्यावरच्या गुंडातून थेंब पडत नाही. मी पाणी आणायचं, नरसाळ्यातून टाकीत ओतायचं, मोठ्यानं आकडा म्हणायचा. आकडा ऐकला की नानाजींनी वहीत एकेक काडी मारायची.

पहिला गुंड मी ओतला आणि म्हणाले, "लाभ."

नानाजी म्हणाले, "हो हो, होईलच लाभ," आणि पेन्सिल धरून उभे राहिले.

पुढचे गुंड मी आकड्यानं म्हटले. तेराव्याला टाकी काठोकाठ भरली. मी म्हणाले, तेरा. नानाजींनी काड्या मोजल्या. "बारा झाले, बाई. तुमचा एक वाढला." मी चौथी पास. त्यांनी बत्तीस वर्षं मोजणी केलेली. मला वाटलं, हातपंपावर गल्लीतल्या वंदनाताईंशी बोलताना माझाच आकडा चुकला असेल.

मग खालची तोटी उघडून पाणी परत त्याच गुंडात काढलं. हे नानाजींनी स्वतः मोजलं. साडेबारा निघाले.

त्यांनी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. बारा टाकले, साडेबारा निघाले. दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाचं बूच काढून ती कोरडी केली आणि परत केलं. परत तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

उन्हाळ्याचे दिवस. नळाला चार दिवसांआड पाणी. अशा दिवसांत एखाद्या टाकीतलं पाणी वाढतं म्हटल्यावर गल्ली काय गप्प बसणार. वंदनाताई हळदीकुंकू घेऊन आल्या. त्या सगळ्यांत पुढे असतात. त्यांनी टाकीला पाच बोटं लावली आणि म्हणाल्या, "नानाजी, आमचा ड्रम हिच्याजवळ ठेवून पाहू का, हिचा गुण लागते का?" दोन बायकांनी खरंच आपले ड्रम आणून ठेवले. नानाजी त्यांना समजावत होते की पाणी वाढत नसतं, पण वही दाखवायला गेले की वहीत बारा आणि साडेबाराच.

मग त्यांनी ठरवलं की गल्ली सपाट नाही, म्हणून घोळ होतो. गाडी भरून ते मारेगाव रस्त्याला सपाट जागी उभी करून पाहायला गेले. त्या वर्षांत आमच्याकडे चौकशीच्या गाड्या फार येत. कापसाचं काय बिघडलं ते बघायला माणसं येत, फोटो काढत, जात. पांढरी गाडी, हातात फीत आणि वही घेतलेला म्हातारा माणूस. अर्ध्या तासात लोक सातबारा घेऊन जमा झाले. नानाजींनी सांगितलं की मी कोणी साहेब नाही, मी माझ्या टाकीचं पाणी मोजून राहिलो. तेव्हा एकजण म्हणाला, "इतक्या गाड्या आल्या, पण काही मोजणारा माणूस हा पहिलाच." त्यांनी चहा पाजला. नानाजी दिवस बुडता परत आले ते दोन विहिरींची खोली आणि दोन शेतांमधला एक धुरा मोजून.

काकूंनी विचारलं, "आणि टाकी?"

"राहिली," नानाजी म्हणाले.

लग्न आठ दिवसांवर आलं. रत्नागिरीला पोचायला पाच दिवस लागणार, नानाजींच्या चालवण्यानं. चौथ्यांदा पाणी मोजायचं ठरलं त्या सकाळी नानाजी मला म्हणाले, "आज शेवटचं. आजही खरा आकडा आला नाही तर आम्ही जाणार नाही. अंदाजावर मी मालतीला घेऊन निघणार नाही." दार उघडं होतं. आत काकू पलंगावर बॅग भरत होत्या. त्यांनी हे ऐकलं. मग एक जांभळी साडी बॅगेतून काढली, घडी सरळ केली आणि परत कपाटात ठेवली.

मी गुंड आणला. ओतला. म्हणाले, लाभ. आणि या वेळी पहिल्यांदाच माझं लक्ष नानाजींच्या हाताकडे गेलं. पेन्सिल हललीच नाही.

माझा बाप तांड्यावर खळ्यात ज्वारी मोजायचा. पहिलं माप एक कधी म्हणायचा नाही. लाभ म्हणायचा, आणि मग दोन. मी त्याच्याजवळ बसून तशीच मोजायला शिकले. शाळेत गुरुजींनी एक म्हणायला शिकवलं, पण ते पाटीवर. हातानं काही मोजायचं तर तोंडातून लाभच निघतो. मला वाटत होतं सगळेच तसे मोजतात.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण तिथे चारचौघं नव्हते, आणि आत कपाटाचं दार वाजलं होतं.

मी म्हणाले, "नानाजी, लाभ म्हंजे एक."

"काय?"

"लाभ म्हंजे पहिला गुंड. तुमी त्याची काडी नाई मारली. रोजच नाई मारली."

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. मागची तीन पानं उलटली. प्रत्येक पानावर सावकाश एकेक काडी मारली. तेरा, तेरा, तेरा. "तेरा टाकले, साडेबारा निघाले," ते म्हणाले. "अर्धा गुंड तोटीच्या खाली राहतो. एकशे पंच्याहत्तर लिटर. बरोबर आहे. बत्तीस वर्षं मी ह्याच जिल्ह्यात मोजत होतो, बाई, आणि मला हे कोणी सांगितलं नाही."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, एका गुंडाचं काय एवढं, वाटेत कुठंबी पाणी मागता येते.

नानाजींनी आधी दाराकडे पाहिलं. काकू आतल्या खोलीत गेल्या होत्या. मग ते माझ्याजवळ येऊन हळू बोलले.

"मागताच येत नाही ना तिला. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला कळतच नाही आणि लुगडं खराब होतं. दिवसातून नऊ-दहा वेळा धुवावं लागतं. दुसऱ्याच्या घरी, या दिवसांत, कोणत्या तोंडानं एवढं पाणी मागेल ती? आणि लग्नघरी न्हाणीघरासमोर रांग. एकशे पंच्याहत्तर म्हणजे दीड दिवस. दीड दिवस ती कोणाला काही न मागता राहू शकते. मग मी कुठेतरी गाडी भरून घेईन."

"अन् तुमाले पाणी?" मी विचारलं.

"मी हातपंपावर करीन." मग म्हणाले, "गल्लीत कोणी विचारलं तर सांगा, नानाजीचं पोट बिघडलेलं राहते. म्हणून गाडीत मोरी लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. टाकी मीच भरली, तेरा गुंड, मोठ्यानं म्हणून. सगळी गल्ली बाहेर आली होती. काकू जांभळी साडी नेसून खिडकीजवळ बसल्या होत्या. वंदनाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काहून हो नानाजी, चांगली रेल्वे सोडून कायले एवढी टाकी घेऊन चालले?"

नानाजी तोंड उघडायच्या आधी मीच बोलले. "त्यायचं पोट बरं नसते. घडी घडी जा लागते."

माझा आवाज ऐकून सगळे आधी माझ्याकडेच बघत राहिले. मग हसले. नानाजी खाली मान घालून गाडीला वळसा घालत पुढे गेले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिडकीतून बाहेर वाकून वंदनाताईंना म्हणाल्या, "काय करता बाई. आपला माणूस आहे, सांभाळून न्यावा लागतो."

नानाजींनी ते ऐकलं आणि गाडी सुरू केली.