आरशांच्या भिंतीपुढचं मौन

“आई, मिस्त्री काम करून गेला की चोवीस तास त्या भिंतीवर पाण्याचा थेंब नाही पडला पाहिजे. लक्ष ठेवाल ना?”

साकोलीच्या बसमध्ये चढताना सूनबाई, तृप्ती, हे सांगून गेली. तिचं तीन दिवसांचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी म्हटलं, “तू निश्चिंत जा. चातुर्मासात सकाळच्या पूजेपासून जेवणापर्यंत मौन पाळते मी. बावीस वर्षांत एकदा मोडलं नाही. एक भिंत सांभाळणं काय जड आहे मला?”

भिंत म्हणजे आमच्या सिहोऱ्याच्या घरातल्या बाथरूमची, शॉवरखालची. तृप्तीने पहिल्या पगारातून आरशाच्या टाइल्स आणल्या होत्या, थेट नागपूरहून, बसमध्ये मांडीवर ठेवून. आमचे हे तेव्हा म्हणाले होते, “आंघोळीले आरसा कायले पायजे?” दोन महिन्यांत पाणी आणि वाफ सांध्यांतून मागे शिरली, अन् टाइल्सच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या काळ्या पडू लागल्या. तशा टाइल्स आता दुकानात मिळत नाहीत. सांधे सिलिकॉनच्या लुकणाने बुजवले आणि ते दिवसभर कोरडं वाळू दिलं, तरच उरलेल्या वाचणार होत्या. लग्नाला चार वर्षं झाली, पण तिने विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनीराम मिस्त्री आला. माझं मौन सुरू झालेलं. काम मात्र देखणं केलं त्याने. करंजीची कड मुडपावी तशी एकेक रेघ. मग हात झटकून म्हणाला, “काकूजी, आता शॉवर सोडून पायतो. पानी कुठून जाते का, समजते.”

नळ बसवला, टाकी बांधली, की पाणी सोडून पाहायचं, ही त्याची जन्माची सवय. मी पंजा दाखवला. थांब म्हणून.

“पाच मिनिटं? बरं.” तो खाली बसून तंबाखूचा खर्रा चोळू लागला. पाच मिनिटांनी उठला. मी हात जोडले.

“अवं काकूजी, माह्या पाया कायले पडता? लहान हाव मी तुमच्यापरीस.”

शेवटी देवघरातून ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि वरच्या आरशावर लिहिलं, पाणी नको. धनीरामचा वाचायचा चष्मा घरी राहिलेला. त्याला अक्षरं दिसली नाहीत, कुंकू तेवढं दिसलं. त्याने चपला बाहेर काढल्या आणि आरशाला नमस्कार केला.

“पूजा केली, बेस झालं. पन डाग राहीन तं सूनबाई रागवन,” म्हणत त्याने शॉवर सोडला आणि फडक्याने भिंत पुसायला घेतली.

“धनीराम, थांबा!” मी ओरडले. म्हणजे माझ्या मानाने ओरडले, शेजारी काही ऐकू गेलं नसेल. तोवर तीन सांध्यांतलं ओलं सिलिकॉन शेवयांसारखं फडक्याला लोंबत होतं.

तेवढ्यात हे बैठकीतून आले आणि पाटावर बसले. “बोलली ना तू? म्हंजे बारा वाजले. वाढ.”

दहा वाजले होते. आमच्या घरात जेवणाची वेळ माझ्या आवाजावर चालते.

धनीराम ओशाळला. “आधीच तोंडानं सांगाचं ना, काकूजी. मले वाटलं गळा बसला तुमचा.”

दोन शब्दांचं काम होतं. मी ते का बोलले नाही, हा विचार भात वाढताना सुटेना. देव रागावेल म्हणून? देवाला मी तेवढं ओळखते. मला पुढच्या वर्षी ‘तेवीस वर्षं’ म्हणायचं होतं, एवढंच.

ह्यांनी बाथरूमच्या दाराशी टेबलफॅन लावून भिंत वाळत घातली. संध्याकाळी मी तृप्तीला फोनवर सगळं सांगितलं, कुंकवासकट. बराच वेळ ती काही बोललीच नाही. समोरच्याला मौन कसं ऐकू येतं, ते तेव्हा कळलं.

मग म्हणाली, “उद्या परत भरून घ्या, आई. फक्त... धनीरामभाऊ उद्याही सकाळीच येतील ना?”

पुढे तिने काही मागितलं नाही. मीच म्हटलं, “उद्या मी बोलेन.”

सकाळी देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले. रोज इथून पुढे ओठ मिटायचे. फाटकाची कडी वाजली.

“काकूजी, आलो हाव,” धनीरामने हाक दिली.

मी घसा साफ केला, पदर खोचला आणि बाथरूमकडे निघाले.