जावयासाठी सहा मिरच्या

मधुकरअण्णांनी हुबळीतल्या सगळ्या केशवापुरात सांगून ठेवलं होतं, की रविवारी जावयाला आपण स्वतः रांधून घालणार. ज्या माणसानं जन्मभर चहासुद्धा आयता प्यायला, त्यानं! लेकीनं, मालतीनं, सात वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून अण्णा तिच्याशी बोलले नव्हते. मध्ये तिची आई गेली, तरी नाहीत. आता ती नवऱ्याला घेऊन एका दुपारपुरती येणार होती. ही दुपार फुकट गेली, तर ती पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

पदार्थ तिच्याच पत्रातला, तिच्या सासूच्या गावचा. तळहाताएवढी रुंद, वाळलेली, काळपट मिरची गूळ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायची, बटाटा-कांदा भरायचा आणि न तळता गारच वाढायची. पत्रासोबत तसल्या सहा मिरच्याही आल्या होत्या. अण्णांनी आधी आठवडाभर ब्याडगीवर हात बसवला. बटाटा तिच्यात मावेना, मावला तो खालून बाहेर आला, आणि अण्णांचे डोळे आठ दिवस लाल राहिले. शेजाऱ्यांना वाटलं, लेकीच्या आठवणीनं. अण्णांनी तसं वाटू दिलं.

रविवारी खऱ्या मिरच्या सुपात काढून ते ओसरीवरच्या शेगडीवर गुळाचं पाणी उकळत होते, तर पाहुणे तासभर आधीच दारात! अण्णा सदरा बदलायला आत पळाले. त्यांची थोरली बहीण जयलक्ष्मीअक्का पुढं झाली. एवढ्या लांबून आलेलं जोडपं, दृष्ट काढल्याशिवाय आत घ्यायचं कसं? तिनं पातेलं उतरवलं, सुपातल्या दोन मिरच्या मीठ-मोहरीसकट दोघांवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या.

कुणालाही ठसका लागला नाही.

मिरची जळूनही ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे काय सांगायला हवं? अक्कानं आणखी दोन टाकल्या, मग उरलेल्या दोन. धूर झाला, तोही मेला गोडसर. अक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"कुणाची गं बाई एवढी वाईट नजर लागली माझ्या लेकरांना?"

अण्णा सदऱ्याची बटणं लावत दारात उभे होते. सुपाकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही. सात वर्षं मनातल्या मनात या दोघांना ते काय काय बोलले होते, ते त्यांचं त्यांना माहीत.

"माझी," ते म्हणाले. "माझीच लागली असणार. चुकलो मी, मालू."

जावयानं शेगडीत डोकावून मालतीला हळूच काहीतरी सांगितलं. मग तिनं आत्याला समजावलं, की ही मिरची तिखट नसतेच, हिचा ठसका लागायचाच नाही. अक्काला ते पटेना. साठ वर्षं हुबळीत काढलेल्या बाईला असली मिरची सांगून चालेल होय? शिवाय अपराध्यानं कबुली दिलेली! तिनं जावयाचं पान आत मांडलं आणि अण्णांचं बाहेर, भिंतीकडे तोंड करून.

आत वरण-भात, बाहेर वरण-भात, आणि मिरचीत भरायचा बटाटा नुसताच वाढलेला. अण्णा मान खाली घालून घास गिळत होते. आतून लेकीचा आवाज येत होता, आणि तो ऐकून त्यांना जास्तच वाईट वाटत होतं.

थोड्या वेळानं मालती आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या पुढ्यात भिंतीला टेकून बसली.

"आता तरी बघा माझ्याकडे," ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली. तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला, "फार वेळ बघू नकोस रे, घरातली मोहरी संपलीय."