नाडगौडा मीटर संस्थान खालसा जाहलें त्याची हकीकत

श्रीगजानन आणि विद्युल्लता प्रसन्न असोत. ऐकणारांस आरोग्य, सांगणारास क्षमा. शके अठराशें ब्यायशीं, शार्वरी नाम संवत्सरीं आबासाहेब नाडगौडा यांनीं गांवाबाहेर माळावर पत्र्याची शेड उभी करून विजेच्या मीटरांचें राज्य स्थापिलें. आबासाहेब मोठे कडक. मीटर रतिभर पुढें धांवला तरी भंगारांत टाकवीत, आणि मागें राहिला तरी टाकवीत. म्हणोन मुलखांत लौकिक जाहला, आणि वीज मंडळ, जें सर्व मुलखाचे दिवे लावी व मालवी, तें दरसाल त्यांचेच मीटर घेत गेलें.

मग आबासाहेबांचें वय जाहलें, आणि चिरंजीव यशवंतराव विलायतेहून विद्या करून आले ते गादीवर बसले. त्यांनीं सुटाबुटाचे मुत्सद्दी पदरीं ठेविले, शेडीच्या जागीं कांचेचा महाल बांधिला, आणि स्मार्ट मीटर नामें नवें अस्त्र काढिलें. त्यांत चकती नाहीं, नुसते आंकडे. अस्त्र घरोघर बसतांच मंडळाचा वसूल ऐसा वाढला कीं मंडळाचे साहेब स्वतां शाल घेऊन आले आणि यशवंतरावांचा सत्कार जाहला.

इतक्यांत द्वारकाबाई शेट्ये, पिठाच्या गिरणीच्या मालकीण, लेकीच्या बाळंतपणास रत्नागिरीस गेल्या. गिरणीस कुलूप. परत येऊन बघतात तों बिल पहिल्याहून जबर. बाईंनीं भिंतीवरचा मीटर स्वहस्तें उपटिला, पिशवींत घातला, आणि महालाचे दारीं येऊन उभ्या राहिल्या.

"गिरणी बंद होती. मग वीज खाल्ली कोणी?" बाईंनीं पुसिलें.

मुत्सद्दी म्हणाले, "बाई, भिंतीला ओल असेल. आणि मीटर उपटणं हा गुन्हा आहे."

"मग पोलिसांना बोलवा. त्यांच्यापुढेच विचारते."

हा कल्लोळ आबासाहेबांचे कानीं गेला. काठी टेकीत खासे बाहेर आले आणि तोच मीटर आपल्या जुन्या टेबलावर जोडविला. पुढें दिवा नाहीं, पंखा नाहीं, कांहींच नाहीं, आणि आंकडे खुशाल चढत चालले. आबासाहेबांचा चेहरा उतरला. मीटरावर मोठ्या अक्षरांत नाडगौडा लिहिलें होतें. बाईंस हात जोडून बोलिले, "तुमचं बरोबर आहे. चूक आमच्या घरची."

मग यशवंतरावांस बोलावणें गेलें.

"तुला ठाऊक होतं?"

"मंडळाला हेच हवं होतं, आबा. आपण दिले नसते तर दुसऱ्यानं दिले असते. कारखान्यातल्या माणसांच्या चुली त्यावर चालतात."

"आणि ज्यांच्या भिंतीवर हे लावलेस, त्यांच्या चुली?"

आबासाहेबांचे डोळे भरून आले. परंतु त्यांचा निश्चय ढळला नाहीं. मग आबासाहेब वीज आयोगापुढें गेले आणि पोटच्या पोराविरुद्ध साक्ष दिधली. आयोगानें हुकूम केला कीं अवघे मीटर बदलून द्यावे. मंडळानें तत्काळ जाहीर केलें कीं आम्हांस यांतील कांहींच माहीत नव्हतें, आणि सत्काराचे फोटो भिंतीवरून उतरविले. यशवंतराव पदच्युत होऊन पुण्यास सासुरवाडीस राहिले. मीटर बदलतां बदलतां खजिना रिता जाहला, आणि राज्य एका परदेशी कंपनीनें घेतलें. चाकरमाने तेवढे तिनें ठेवून घेतले. आबासाहेबांनीं विकतेवेळीं तीच एक अट घातली होती.

नव्या धन्यांस जुन्या नांवाचा फार लोभ. पाटी तीच ठेविली. पुढें एके दिवशीं आबासाहेब सहज पाहावयास गेले, तों दिवाणखान्यांत त्यांचीच भली थोरली तसबीर, तीस चंदनाचा हार, आणि पुढें उदबत्ती.

दारावरचा नवा पहारेकरी अदबीनें म्हणाला, "आजोबा, कोणाला भेटायचंय?"

आबासाहेबांनीं काठीनें तसबीर दाखविली. "यांनाच भेटायला आलो होतो. पण हे गेलेले दिसतात."

"हो, फार मोठा माणूस होता म्हणतात. तुमच्या ओळखीचे?"

"बरीच वर्षं एका घरात राहिलो," म्हणोन आबासाहेबांनीं हारावरची धूळ पंच्यानें झटकिली, तसबिरीस रामराम केला, आणि हंसत हंसत बाहेर पडले.

येणेंप्रमाणें संस्थान खालसा जाहलें. मूळ पुरुष खुशाल आहेत. लेखनसीमा.