झोपेतला वेल

परसातल्या मोकळ्या तुकड्यावर द्राक्षाचा वेल चढवायचा, एवढंच हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. पण रविवारी खुर्चीत डोळे मिटले, की मांडव हिरवागार व्हायचा आणि एखादा घोस झुलत झुलत थेट तोंडाशी यायचा. (तोंड उघडंच असायचं. बायकोच्या मते ते घोरण्यासाठी.)

"दोन वर्षं नुसतं वेल, वेल ऐकतेय," बायको म्हणाली. "मला तिथे कपड्यांची दोरी बांधायचीय."

"आपल्याकडे ऊन कडक. कधीही लावून चालत नाही. थंडी सरता सरता, वेल झोपेत असतानाच लावायचा, असं नर्सरीवाले म्हणालेत. म्हणजे ऊन तापायच्या आत मुळं धरतो."

"उन्हाळ्याआधी पान दिसलं नाही, तर दोरी."

"कबूल."

थंडी ओसरायला लागली, तशी त्यांनी रजा टाकली. नर्सरीवाल्यांनी दिलेली हातभर काडी, ना पान ना मूळ, त्यांनी जपून मातीत रोवली. बायकोनं आधाराला कुंपणाची एक ओली फांदी तोडून शेजारी खोचली. त्या दिवसापासून हेडक्लार्क परसात दबक्या आवाजात बोलू लागले. वेलाची झोप मोडायला नको.

तीन आठवड्यांनी, दात घासता घासता, त्यांना पान दिसलं. नखाएवढं, पोपटी.

त्यांनी बायकोला हात धरून आणलं. ती वाकली, तिनं पानाला बोट लावलं. मग आतून दुसरी खुर्ची घेऊन आली. दोघं उन्हात, नसलेल्या सावलीत, बसून राहिले.

"घोस खाली आले की माझ्या डोक्याला लागतील का हो?" तिनं विचारलं.

"मांडव जरा उंच घेऊ," ते म्हणाले. गेल्या दोन वर्षांत दोघांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

संध्याकाळी नर्सरीवाले कौतुकानं पाहायला आले. उकिडवे बसले. काडी निरखली, फांदी निरखली, पुन्हा काडी निरखली.

"साहेब, वेळ अगदी अचूक साधलीत," ते म्हणाले.

हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं.

"पण वेल उलटा लावलात. डोकं मातीत, पाय वर. पान फुटलंय ते कुंपणाच्या फांदीला."

हेडक्लार्क खाली मान घालून उभे राहिले. आता दोरी येणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण बायको जागची हलली नाही.

"पुढच्या थंडीत परत लावू," ती हळूच म्हणाली. "वेलाचं मी बघते. तुम्ही फक्त झोपेचं बघा."