फळीवरची नोंद

मोजमापात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! सतरा वर्षं मी गोदाम सांभाळतोय. कुठल्या कपाटात किती बिजागऱ्या आणि त्यातल्या किती गंजलेल्या, हे मी झोपेत सांगेन. (बायको म्हणते, सांगतोच.) त्यामुळे मेव्हण्याच्या सर्फबोर्डवर काचेच्या धाग्यांचं काचकापड आणि त्यावर वाळून कडक होणारं रेझिन चढवायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. उंची सहा फूट दोन इंच, म्हणून नाव टिल्लू. शाळांची बाकं बनवणारा सुतार. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना बसायला फळ्या केल्या, आता स्वतःला उभं राहायला एक करतो," म्हणाला आणि आमच्या गॅरेजमध्ये फोमचा ठोकळा आणून तासायला लागला. लाटेवरून घसरत यायची फळी! वय वर्षं त्रेचाळीस! पोहता येतं, एवढीच काय ती जमेची बाजू. फळी तासून मासोळीसारखी गुळगुळीत झाली आणि हा आजारी पडला. चार महिन्यांत शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. हात थरथरायचे, रेझिनचा वास वर्ज्य. म्हणून मी.

आता माझा एक दोष सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. फोन आला की मी समोर दिसेल त्याच्यावर लिहून घेतो. वर्तमानपत्र, भिंत, फ्रिजचं दार. "यांना वही पुरत नाही, घर लागतं," असं बायको येईल त्याला सांगते. बुधवारी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो आणि माझ्यासमोर जगातली सगळ्यात पांढरी, सगळ्यात गुळगुळीत वस्तू आडवी पडलेली होती.

डॉक्टर शांतपणे बोलत होते. माझा हात शांतपणे लिहीत होता. फोन ठेवला आणि मग काय लिहिलंय ते वाचलं: "ऑपरेशनचा उपयोग नाही. सहा महिने, फार तर. त्याला कसं सांगायचं ते घरच्यांनी ठरवावं. काही हौस असेल तर आत्ताच."

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. नळ चालू होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही. मग म्हणाली, "त्याला कळता कामा नये. आणि रविवारी ती फळी पाण्यात गेली पाहिजे."

या सगळ्यात फळीवर पेन्सिलने लिहिलेलं पुसायचं डोक्यातून पार गेलं.

गुरुवारी दुपारी मी हातमोजे, मास्क आणि जुना पायजमा अशा युद्धाच्या पोशाखात हजर झालो. टिल्लू दाराबाहेर, मोकळ्या हवेत खुर्ची टाकून बसला होता.

"कापड मी सकाळीच अंथरून ठेवलंय, भावोजी. तेवढं जमतं अजून."

खरंच, फळीवर पांढरंशुभ्र काचकापड घातलेलं होतं, एकही चुणी नाही. मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि बादलीत रेझिन ओतलं. त्यात हार्डनर मोजून घालायचा. कमी पडला तर रेझिन वाळत नाही, जास्त झाला तर बादलीतच दगड होतो. मी टोपणाने मोजायला लागलो. एक, दोन, तीन...

"अहो, चहा आत्ता टाकू की नंतर?" आतून बायको ओरडली.

"नंतर!" मी ओरडलो. आणि आकडा गेला!

"किती झाली टोपणं?" टिल्लूने विचारलं.

"मी गोदाम सांभाळतो, टिल्लू!" असं म्हणून मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

रेझिन ओतलं आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे सारायला लागलो. आता, काचकापडाचा स्वभाव मला ठाऊक नव्हता. कोरडं असतं तोवर ते धुतलेल्या चादरीसारखं. रेझिन प्यायलं की मात्र ते नाहीसंच होतं, आणि खाली जे काही असेल ते शोकेसमध्ये ठेवल्यासारखं दिसायला लागतं! आधी टिल्लूच्या अक्षरातली लांबी-रुंदी वर आली. वा, म्हटलं. मग पट्टी आणखी खाली नेली आणि एक शब्द उगवला. "उपयोग". अक्षर ओळखीचं होतं. माझंच होतं!

मी चटकन त्याच्यावर ओणवा झालो.

"भावोजी, पोट बाजूला घ्या. तिथे कोरडं राहिलंय."

"राहू दे की थोडं कोरडं!"

"कोरडं राहिलं तर पाणी शिरेल. सारा ना!"

सारलं. "सहा महिने" वर आलं, ठसठशीत! मी बायकोला हाक मारली. अशी हाक मी फक्त घरात साप निघाला तेव्हा मारली होती. ती धावत आली, तिने वाचलं, आणि तिचा चेहरा त्या कोरड्या कापडासारखा झाला. पण बाई धोरणी! तिने खिडकीतलं वर्तमानपत्र ओढलं आणि दिलं चिकटवून अक्षरांवर.

"ताई, ते काय?"

"नक्षी!" बायको म्हणाली.

कागद रेझिन प्यायला आणि तोही तेलकट पुडीसारखा आरपार झाला! आता एका गाजलेल्या खटल्याच्या निकालामधून "फार तर" दिसायला लागलं. रेझिनइतका चहाडखोर पदार्थ मी सतरा वर्षांत गोदामात ठेवला नाही. शेवटचा उपाय म्हणून मी दोन्ही पंजे दाबून धरले.

आणि तेवढ्यात रेझिन वाळलं. दुप्पट हार्डनर! पंजे जागच्या जागी! मी ओढतोय, फळी खालच्या लाकडी घोडीवरून माझ्याबरोबर उचलली जातेय, बायको फळीला धरतेय, आणि मागे बादली खदखदून काळा धूर ओकतेय!

"बादली!" टिल्लू ओरडला. ज्याला जिना चढताना दोनदा बसावं लागतं, तो माणूस खुर्चीतून उठला, नाकाला शर्ट लावला, धुमसणारी बादली कडीला धरून उचलली आणि अंगणात मधोमध नेऊन ठेवली. परत येऊन दाराला टेकला. धाप लागली होती. मी हातमोज्यांतून हात सोडवले. मोजे फळीवरच राहिले, दहा बोटं पसरून, आणि बोटांच्या फटींतून सगळा मजकूर दिसत होता.

त्याने सावकाश वाचला.

"सहा महिने? कशाचे?"

"रेझिनचे!" मी म्हणालो. "तेवढेच टिकतं ते. दुकानातून फोन आला होता."

"आणि त्याला कसं सांगायचं? कोणाला?"

"दुकानदाराला."

"घरच्यांनी?"

"त्याच्याच घरच्यांनी," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत इतकं खोटं मी साठा तपासणीलाही बोललो नव्हतो.

"बरं," टिल्लू म्हणाला. "ताई, आता टाक चहा."

बायको आत गेली आणि बराच वेळ आली नाही. चहाही आला नाही.

शुक्रवारी मी हातमोजे कापून काढले, शनिवारी घासून वरचा थर दिला. फळी काचेसारखी चमकायला लागली. अक्षरं तर पेन्सिलने लिहिली होती त्यापेक्षा स्पष्ट!

रविवारी सकाळी समुद्रावर आम्ही तिघंच. टिल्लू फळीवर पालथा झाला, छाती नेमकी मजकुरावर. उभं राहायचा प्रयत्न दोनदा केला, दोनदा पडला. तिसऱ्यांदा गुडघ्यांवर उठला आणि एका लाटेने त्याला तसाच, गुडघ्यांवर, सरळ किनाऱ्याला आणून सोडलं. बारा-पंधरा सेकंद असतील. मी मोजले नाहीत. ओठ निळे पडले होते आणि हा पोरासारखा हसत होता.

बायकोने त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. तो फळीकडे बघत म्हणाला, "भावोजी, रेझिनच्या डब्यावर बारा महिने लिहिलंय. मी वाचलं."

मी फळीवरची वाळू पुसायला लागलो.

"तुला कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"कापड कोणी अंथरलं होतं, ताई?"

"मग पुसलं का नाहीस, मेल्या!"

"फळीवरची नोंद पुसत नाहीत. कारागिराने लिहिलेलं तसंच ठेवून वरून काच चढवतात. शिवाय भावोजींनी इतक्या वळणदार अक्षरात लिहिलेलं!" तो धाप टाकत थांबला. "पण डॉक्टर म्हणतात सहा, डबा म्हणतो बारा. कोणाचं धरायचं? तुम्ही गोदामवाले, तुम्ही सांगा."

"डब्याचं," मी म्हणालो. "डब्यावर छापील असतं."

"मग तसं लिहून घ्या."

माझा हात सवयीने कानामागे गेला. पेन्सिल निघाली, आणि मी फळीकडे वाकलोसुद्धा! बायकोने ती माझ्या हातातून हिसकावली आणि जोर लावून समुद्रात भिरकावली.

पेन्सिल तरंगते, हे तिच्या लक्षात आलं नसावं. पुढच्याच लाटेने ती आणून माझ्या पायाशी टाकली.

"बघा," टिल्लू म्हणाला, "तुमच्या नोंदी समुद्रसुद्धा ठेवून घेत नाही!"